इल्ला का इल्ले

शाळेत मी तीन दिस गेलो. चौथ्या दिशी मास्तरच आमच्या घरी आले आणि बापाला म्हणले, "ह्याला म्हशीकडं पाठवा, शाळेचं भलं हुईल." शाळेचं झालं असंल, खरं म्हशीचं झालं न्हाय. एकदा गावतळ्यावरनं मी आमची म्हणून दुसऱ्याचीच म्हस हाकून आणलो आणि खाली बसून धार काढाय लागलो. लाथ बसली तवा कळलं, ही आपली न्हवं. माझी चूक मला कळायची रीतच अशी. आधी लाथ, मग उजेड.

हे मी बोलतोय आणि लेक लिवून घेतीया. मधीमधी हसतीया, तवा एखादी ओळ वाकडी आली तर तिची चूक धरा. बाकीच्या सगळ्या चुका माझ्या.

सत्तर सालानंतरची गोष्ट. उचगावातनं सायकल मारत मी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला जायचो. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. मी साचे भरायचो. पंपाचं घर ओतायचं असंल तर ते आतनं पोकळ पायजे. त्यासाठी साच्याच्या पोटात वाळूचा एक घट्ट ठोकळा ठेवायचा, तेला कोर म्हणायचं. लोखंडाचा रस कोरच्या भवतीनं फिरतो, गार झाल्यावर कोरची वाळू पाडून टाकायची, पोकळी तयार. काम सोपं. म्हणून तर मला दिलतं.

लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावर वाळू ठोकून साचा उठवायचा ते नमुने, बनवणारा मिस्त्री गोकाककडचा. मराठी तेला समदी कळायची, खरं घाईत असला की कन्नड, रागात असला की कन्नड, आणि तो कायम घाईत नायतर रागात असायचा. आणि माझं कन्नड? च्या मागण्यापुरतं, आणि शिव्या खाण्यापुरतं.

एक दिस नव्या पंपाचा कोर आला. दोन्ही टोकं जवळजवळ सारखी, एक टोक नखभर जाड. कुठलं टोक कुठं जायचं, मला कळंना. मिस्त्री पलीकडनं चाललावता, गालात पानाचा तोबरा. मी कोर साच्यावर धरून हाक मारलो, "मिस्त्री, जाड टोक हिकडं?"

तेनं मान बी न वळवता सांगितलं, "इल्ले."

आता कन्नडात इल्ले म्हणजे हितंच. आणि इल्ला म्हणजे न्हाय. पान खाल्लेल्या तोंडातनं आणि भट्टीच्या पंख्याच्या घरघरीतनं माझ्या कानात काय आलं? इल्ला. न्हाय म्हणतोय तर फिरवूया. मी कोर फिरवलो, उलटा ठेवलो, वरनं दुसरा अर्धा साचा झाकलो आणि पुढचा घेतलो. दिवसभर एक बी कोर मोडू न देता, कपाळाचा घाम पुसत, बत्तीस साचे भरलो. एवढं मन लावून मी जन्मात काम केलो न्हवतो. चांगली कामं करताना मी पेंगतोय, चुकीची करताना डोळं टक्क उघडं.

रस ओतला. लोखंड गार झालं. घासून पुसून बत्तीस पंप मशीनवर गेले आणि चौथ्या दिशी बोंब उठली. एका अंगाला लोखंड विटेएवढं जाड, दुसऱ्या अंगाला पापडाएवढं. ड्रिल लावला की आरपार. मिस्त्रीनं मला मानगुटीला धरून त्या ढिगापुढं उभा केला.

"ना इल्ले अंदे!" तो वरडला. मी हितंच म्हणालतो!

"मला इल्ला ऐकू आलं की."

"बत्तीस खेपेला?"

"न्हाय, एकदाच ऐकलो. बाकी एकतीस खेपेला ध्यानात ठेवून केलो."

तवर बोंब ऐकून मालकबी तितं आलते. मालक म्हणजे तसे शांत माणूस, दात कोरत विचार करणारे. मिस्त्रीला म्हणले, "ह्याला घरी घालवूया का?"

मला वाटलं मिस्त्री आता भट्टीतच घाला म्हणंल. खरं तो पंपाकडं बघत म्हणला, "ह्याला घालवला तर दुसरा ईल. दुसरा बी कवातरी चुकंल. ह्याची चूक न्हाय मालक. दोन्हीकडनं बसतंय अशी वस्तू मी केलो, ती माझी चूक."

एवढं म्हणून तो पटाशी घेऊन बसला. लाकडात तेनं असा बदल केला की कोरच्या जाड टोकाला एक खाच पडंल, आणि साच्यात ते टोक जितं टेकतं तितं त्या खाचेच्या मापाचा उंचवटा. आता कोर सुलटा ठेवला की खाच उंचवट्यावर बसणार, टक्. उलटा ठेवला की बसणारच न्हाय, वर तरंगत राहणार.

बाकीचे साचेवाले रुसले. "आमाला काय शेंबडी पोरं समजलास? वीस वर्सं कोर ठेवूलोय आमी." एकजण म्हणला, "ह्या एकट्यासाठी आमाला समद्यांना दावं बांधलास." दावं म्हणला तवा सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं.

आणि मी काय केलो? पहिल्याच कोरला उलटा धरलो. बसंना. मला वाटलं वाळू फुगलीया. अंगठ्यानं दाबलो. बसंना. मग गुडघा लावलो. कोर मोडून दोन तुकडं. मी घाबरून तुकडं पाठीमागं लपवायला लागलो, तर मिस्त्री नाचतच आला.

"मोडला? भले! वाळू मोडली न्हवं? लोखंड वाचलं! वाळू चाळून परत कोर हुतो. ओतलेल्या लोखंडाला काय करतोस, चाटतोस?"

त्या दिसापासनं माझी बढती झाली. नवा पॅटर्न झाला की मिस्त्री तो पहिला माझ्या हातात द्यायचा आणि मोठ्यांदा सांगायचा, "हं, चुकव बघू." मी जीव तोडून चुकवायचा प्रयत्न करायचो. माझ्याकडनं चुकला तर पॅटर्न परत पटाशीखाली. न चुकला तर पास. कारखान्यात हुशार लई हुते, खरं चुकण्यात माझ्या तोडीचा कोण न्हवता. मी घरी येऊन हे अभिमानानं सांगायचो. बायको म्हणायची, "सांगू नका बाहेर."

लेक लहान हुती. ती बत्तीस पंपांची गोष्ट मी तिला किती येळा सांगितलो, गिणती न्हाय. झोपवताना सांगायचो, जेवताना सांगायचो. "आप्पा, इल्ला ऐकू आलं तो भाग सांगा की," म्हणून ती मागं लागायची.

ती पोरगी माझ्यावर गेली न्हाय, हे आमच्या घरावर उपकार. मॅट्रिक झाली, कॉलेज झालं, आणि मग शहरात कंप्युटर शिकली. मी विचारलो, "म्हणजे टायपिंग?"

"न्हाय आप्पा. मशीननं काय करायचं ते मशीनच्या भाषेत लिवायचं."

"मशीनला मराठी येत न्हाय?"

"तुमच्या कन्नडाएवढं येतंय."

नव्वदच्या सुमाराला आमच्या मालकांनीबी एक कंप्युटर आणला. अख्ख्या कारखान्यात काळी धूळ, खरं तेच्या खोलीत गार हवा आणि दाराभाईर चप्पल काढायची. मालकांना पायजे हुती भट्टीची चिठ्ठी. भट्टीत एका थराला लोखंड किती, कोळसा किती, चुनखडी किती, ते मिस्त्री डोक्यातनं काढून कागदावर लिवायचा आणि कागद वर फळीवर जायचा. फळी म्हणजे भट्टीच्या तोंडाजवळचा माळा, तितं काट्यावर मोजून माल आत टाकायचा. पण मिस्त्रीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. लिवलेलं तेला दिसंना, आणि तेनं लिवलेलं दुसऱ्याला कळंना.

मी मालकांपुढं हात जोडलो. "मालक, घरात पोरगी हाय, तिला ह्या मशीनची भाषा येतीया."

मालक दात कोरत म्हणले, "तीन हप्ते बघू. तिसऱ्या शनिवारी भट्टी पेटायची हाय. तेची चिठ्ठी मशीनमधनं आली तर पोरगी राहील. न्हाय आली तर मशीनवर कापड घालतो, आणि तिला दुसरीकडं बघू दे."

पहिला हप्ता गेला, दुसरा गेला, चिठ्ठीचा पत्ता न्हाय. मॅनेजर म्हणजे मालकांच्या भनीचा मुलगा, पुण्याला तीन म्हैन्याचा कंप्युटर कोर्स करून आलता. तो रोज माझ्या साच्याजवळ येऊन उभा राहायचा. "काय हो, तुमची पोरगी तितं पेट्याच बनवूलीया. आमच्या कोर्सातल्या भाषेत मी दोन दिसात चिठ्ठी काढलो असतो. तितं काय बी लिवा, मशीन चालवतंय." मी मान डोलवायचो. मान डोलवायला मला कुठलीबी भाषा चालती.

तिसऱ्या हप्त्यात मी जेवताना विषय काढलो. "बाळे, कशाला पेट्या बिट्या बांधत बसलीस? झटकन एक चिठ्ठी काढून दे की. नोकरी पक्की झाल्यावर बांध काय बांधायचं ते."

"पेट्या म्हणजे काय ठावं हाय का आप्पा?"

"न्हाय. म्हणूनच सांगतोय."

तिनं ताटातच दाखवलं. भाकरीचा तुकडा एका बाजूला, ठेच्याचा गोळा दुसऱ्या. "ही पेटी किलोची, ही घमेल्याची. मिस्त्रीकाका बोलतात घमेल्यात, फळीवरचा काटा दावतोय किलोत. आकडा नुसता लिवला तर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मी आकडा उघडा ठेवलाच न्हाय. किलोच्या पेटीत घमेलं घालाय गेलं तर मशीन अडतंय. चिठ्ठी काढताना न्हवं, तेच्या आधी. प्रोग्राम चालूच करत न्हाय. घमेल्याचं किलो करायला एकच वाट ठेवलीया, तिथनंच जायचं."

"आगं, पण माणसाला कळत न्हाय काय, किलो काय आणि घमेलं काय? एवढं काय शेंबडी पोरं हाईत काय सगळी?"

ती भाकरी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. बायकोबी बघायला लागली. चुलीपुढचं मांजरबी बघतंय असं मला वाटलं.

"आप्पा," लेक म्हणली, "बत्तीस पंपांची गोष्ट मला कोण सांगत असतंय?"

जेची आयुष्याची नोकरी एका खाचेवर टिकली, तो मी, पोरीला सांगत हुतो की खाच पाडत बसू नको, उशीर हुतोय.

"म्हणजे ही खाच हाय," मी म्हणलो.

"खाचच."

"मग मिस्त्रीनं आकडाच चुकीचा सांगितला तर? सहा घमेल्याच्या जागी चार?"

"ते पेटीला कळणार न्हाय. घमेल्याच्या पेटीत घमेलं बसलं, एवढंच तिला कळतंय. बाकीचं माणसानं बघायचं."

हे ऐकून मला बरं वाटलं. माणसांना थोडं काम शिल्लक हाय म्हणायचं.

गुरुवारी तिनं मला गार खोलीत बोलावून घेतलं. "आप्पा, पहिली चिठ्ठी निघालीया. बघा, चुकवा बघू." मी हात धुवून, चप्पल काढून, टोपी सुद्धा काढून आत गेलो. कागद हातात घेतलो, लांब धरलो, जवळ धरलो, जाणत्यासारखा हं हं केलो आणि म्हणलो, "झकास हाय. अक्षर काय सुबक."

मॅनेजर खुर्चीतनं घसरायचाच राहिला. मी चिठ्ठी उलटी धरलती. लेक हसली न्हाय. तिनं नुसती चिठ्ठी माझ्या हातातनं घेतली, वरच्या बाजूकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

शनिवार आला. सकाळी भट्टी पेटली, पंखा सुरू झाला. खोलीत मालक, मॅनेजर, स्टुलावर जाड भिंगाचा चष्मा घातलेला मिस्त्री, आणि दाराजवळ अनवाणी मी. लेक फळीवर काटा बघायला गेलती. तेवढ्यात मालकांनी सांगितलं, "कोळशावर नळ गळलाय. ओला झालाय ढीग."

मिस्त्री बोटं नाचवत म्हणला, "मग दोन जास्ती टाका."

"एवढंच न्हवं?" मॅनेजर म्हणला. "बाईची वाट कशाला बघायची? एका ओळीचं काम हाय." आणि खुर्ची ओढून तेनं कोळशाच्या ओळीत अधिक दोन असं लिवलं. मी मागनं बघूलोतो. मान डोलावलो बी. दोन म्हणजे दोन, मला तेवढं समजत हुतं.

मशीननं टुक् केलं आणि थांबलं.

तेनं परत बटण दाबलं. टुक्. तिसऱ्या खेपेला बी टुक्. मालकांनी तोंडातली काडी काढली. "काय झालं?"

"मशीन बिघडलंय. न्हाय तर हिचा प्रोग्राम बिघडलाय. साधं दोन मिळवू देत न्हाय, मामा. ही असली भाषा! आमच्या कोर्सातली असती तर कवाच गेलं असतं."

भाईर भट्टी लाल व्हायला लागलती. मालकांनी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि हळू आवाजात म्हणले, "कापड आणा तर मग. मिस्त्री, तोंडानं सांगा, कुणीतरी लिवून घ्या."

कापड आणायला मलाच सांगितलं हुतं. जवळ मीच हुतो. कोपऱ्यातलं कापड उचललो, खरं हात पुढं जाईना. तेवढ्यात लेक जिना उतरून धापा टाकत दारात आली. माझ्या हातातलं कापड तिनं बघितलं.

"कोण काय लिवलं?"

"दोन," मॅनेजर म्हणला.

"दोन काय?"

"दोन काय म्हणजे? दोन म्हणजे दोन!"

"दोन काय?" ती परत म्हणली, हळूच.

मालक मिस्त्रीकडं वळले. "मिस्त्री, दोन काय?"

"घमेली," मिस्त्री म्हणला. "दुसरं काय असतंय?"

मॅनेजरनं दोन घातलते ते किलोच्या ओळीत. दोन किलो म्हणजे चार-पाच ओंजळी. ओल्या कोळशावर तेवढं टाकून भट्टी तापली नसती, रस निम्म्या साच्यात पोचेपतूर थिजला असता. आणि ते कळलं असतं ओतल्यावर. तेला हसू नका. मी तिथंच उभा राहून मान डोलावलती की.

मिस्त्रीला पडद्यावरचं काय दिसंना. मान पुढं काढून तेनं मला विचारलं, "काय म्हणूलंय रं ते मशीन?"

"इल्ला म्हणूलंय," मी सांगितलो.

"नुसतं इल्ला न्हाय आप्पा," लेक म्हणली. तिनं पडद्यावर बोट टेकवलं. त्या लांबलचक लिवलेल्यातल्या एकाच ओळीवर, अधिक दोन ह्याच्या पुढ्यात, एक बारकी रेघ लुकलुकत हुती. "इल्ले बी म्हणतंय. न्हाय, आणि कुठं न्हाय तर हितंच."

मिस्त्री हसायला लागला तो थांबंना. स्टूल हलायला लागला. "वीस वर्सानं," तो म्हणला, "वीस वर्सानं माझं इल्ले कुणाला तरी नीट ऐकू आलं! ही पोर तुझीच काय रं?"

लेकीनं ते दोन घमेल्याच्या पेटीत घातले, तिच्या त्या एका वाटेनं किलो केले, बटण दाबलं. टुक् झालं न्हाय. चिठ्ठी खरखरत भाईर आली. तिनं ती फाडली, ड्रावरातली कातर घेतली, चिठ्ठीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याचा तुकडा कचकन कापला आणि माझ्या हातात दिली.

"जावा फळीवर."

मी कापलेला कोपरा उजव्या हाताला वर धरलो आणि जिना चढलो. वरचा गडी दात काढत म्हणला, "काय अण्णा, आज तरी सुलटी आणलाईस का?"

"आज उलटी धरताच येत न्हाय," मी म्हणलो.

रस पांढराफेक आला. साचे काठोकाठ भरले. मालकांनी एक साचा फोडून बघितला, दुसरा फोडून बघितला, मग दात कोरत आमच्या लेकीला म्हणले, "सोमवारी जरा लौकर ये. पॅटर्नची यादी पण तुझ्या त्या पेट्यांत घालायची हाय. आणि ह्याला पण पेट्या शिकव." ह्याला म्हणजे मॅनेजरला. तेनं मान डोलावली, अगदी माझ्यासारखी. कापड मी तसंच घडी घालून कपाटात ठेवलो.

सोमवारची चिठ्ठी आली. कोपरा कापलेलाच. मी जरा फुगून म्हणलो, "आगं, आता नको कापू. आता मला कळतंय की, वर कुठलं आणि खाली कुठलं."

"इल्ला," ती म्हणली.

मला इल्ले ऐकू आलं. मी तितंच, तिच्या टेबलाजवळ, हुबा राहिलो.